दिवेवाली बाई : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

मुंबईच्या इस्पितळांतून आपल्या समाजाच्या पुष्कळ मुलींनी नर्सचे काम केले. पुढे त्यांतल्या काही विलायतेत आल्या, काही इस्राएलला गेल्या. ज्यांच्या घरात अशी एखादी मावशी किंवा आत्या होती त्यांना वेगळे सांगायला नको. आजारपण आले की सगळ्यांना सिस्टर हवी असे. तिच्या हातचे इंजेक्शन दुखत नाही, असे शेजारीपाजारी म्हणत. पण तिच्या लग्नाची बोलणी निघाली की ती रात्रपाळीला जाते, परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावते, अशी कुजबूज सुरू होई. हा दुटप्पीपणा केवळ आपल्याकडचा नव्हे. ज्या बाईच्या नावाने जगभर नर्सेस शपथ घेतात, तिच्या वाट्याला तो विलायतेत जन्मभर आला. (ती शपथ तिने लिहिलेलीही नाही. १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइट येथे ती तयार झाली आणि तिला बाईंचे नाव देण्यात आले.) त्या बाईची, म्हणजे मिस फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिची हकीकत येथे देत आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीत झाला. आईवडील प्रवासात होते. ज्या शहरात मूल जन्मले त्याचेच नाव त्यांनी त्याला दिले. थोरली बहीण नेपल्सला जन्मली, तिचे नाव त्या गावाच्या जुन्या ग्रीक नावावरून पार्थेनोपी. घर गर्भश्रीमंत. डर्बीशायरमध्ये ली हर्स्ट आणि हँपशायरमध्ये एम्बली पार्क, असे दोन मोठे वाडे होते. आईचे वडील विल्यम स्मिथ हे पार्लमेंटचे सभासद आणि गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतले पुढारी. वडिलांनी मुलींना घरीच शिकवले, तेही भरतकाम नव्हे, ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान. फ्लॉरेन्सला आकड्यांचे वेड होते. वयाच्या सतराव्या वर्षी, १८३७ च्या फेब्रुवारीत, परमेश्वराने आपल्याला सेवेला बोलावले आहे असे तिला वाटले. सेवा कोणती, हे कळायला तिला बरीच वर्षे लागली.

१८४५ साली तिने घरात सांगितले की जवळच्या सॉल्सबरीच्या इस्पितळात मी काही महिने राहून रुग्णसेवा शिकेन. घरात आकांत झाला. आई संतापली, बहीण आजारी पडली. आज आपल्याला याचे नवल वाटेल, कारण नर्स होणे हे आता पोटापाण्याचे सभ्य साधन आहे. पण त्या काळच्या विलायतेत नर्स म्हणजे कोण? चार्ल्स डिकन्सने १८४३-४४ मध्ये मार्टिन चझलविट ही कादंबरी लिहिली. तीत सेरी गँप नावाची म्हातारी आहे. जाडजूड, तोंडाला दारूचा वास, बगलेत मोठी छत्री, आणि रोग्याच्या उशाशी बसून त्याच्या वाटचे खाणारी. बाळंतपण करायला तीच आणि मढे आवरायलाही तीच. कादंबरी इतकी गाजली की इंग्रजीत छत्रीलाच गँप म्हणू लागले. लोक हसले, आणि हसता हसता सगळ्या नर्सेस तशाच असतात अशी खूणगाठ त्यांनी मनाशी बांधली.

यात खोटे किती आणि खरे किती? इस्पितळातल्या नर्सेस तेव्हा गरीब घरच्या, बहुतेक विधवा किंवा एकट्या बायका असत. पगार मोलकरणीइतका. काही ठिकाणी वॉर्डाच्या कडेलाच निजावे लागे. बियर तर पगाराच्या जोडीला नेमून दिलेली असे. मग पिणाऱ्या बायका त्यांत असणारच. पण वर्षानुवर्षे जखमा बांधून ज्यांचे हात तयार झाले होते अशाही बायका त्यांतच होत्या, आणि त्यांच्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही.

फ्लॉरेन्स थांबली, पण हटली नाही. रिचर्ड मंकटन मिल्न्स या नावाजलेल्या गृहस्थाने अनेक वर्षे तिची वाट पाहिली. १८४९ मध्ये तिने त्याला नकार दिला. इस्पितळांचे अहवाल मागवून ती पहाटे उठून घरच्यांच्या नकळत वाचत असे. अखेर १८५१ साली आई आणि बहीण कार्ल्सबादच्या झऱ्यांवर हवापालटाला गेल्या, तेव्हा तिला जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या कायझर्सवर्थ येथील संस्थेत तीन महिने शिकायला मिळाले. वय एकतीस. एवढेच तिचे रीतसर शिक्षण.

१८५३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या अप्पर हार्ले स्ट्रीटवर आजारी कुलीन स्त्रियांसाठी असलेल्या एका लहानशा शुश्रूषागृहाची व्यवस्था तिच्याकडे आली. पगार नाही. वडिलांनी वर्षाला ५०० पौंड नेमून दिले होते, त्यावर भागवायचे. येथे जो प्रसंग घडला तो मराठी चरित्रांतून सहसा येत नाही, पण आपल्याला तो ठाऊक असायला हवा. संस्थेची समिती थोरामोठ्यांच्या बायकांची होती. फक्त इंग्लंडच्या चर्चच्या रुग्ण घ्याव्यात असे तिचे म्हणणे. फ्लॉरेन्सने साफ सांगितले की कॅथलिक आणि यहुदी स्त्रियांनाही प्रवेश मिळाला पाहिजे आणि त्यांच्या पाद्र्यांना व रब्बींना भेटीला येऊ दिले पाहिजे. तसे नसेल तर मी चालले. बराच वाद झाला, अखेर समिती नमली आणि ठराव लेखी झाला. पण अट पाहा! असा परका धर्मगुरू आला की फ्लॉरेन्सने स्वतः त्याला दारात गाठावे, स्वतः वर न्यावे, भेट होईपर्यंत तेथेच उभे राहावे, आणि तो दुसऱ्या कोणाशी बोलणार नाही अशा बेताने परत खाली आणून सोडावे. तिने अट मान्य केली आणि तिची भरपूर टिंगलही केली. लक्षात घ्या, हे १८५३ साल आहे. लंडन शहराने निवडून दिलेल्या लायोनेल रॉथ्सचाइल्डला ख्रिस्ती शपथ घेता येत नाही म्हणून पार्लमेंटात बसू देत नव्हते. तो १८५८ मध्ये बसला.

त्याच घरात तिने गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर आणवले, जेवण वर ओढून घेण्यासाठी खालून वर जाणारा पाळणा बसवला, आणि रुग्णाने घंटा ओढली की कोणत्या खोलीतून ती वाजली हे कळेल अशी सोय करवली. नर्सने जिने चढण्यात दमून जाऊ नये, एवढा साधा विचार. मायेचा हात, गोड बोलणे यावर पाने भरणारे लोक या पाळण्याबद्दल लिहीत नाहीत.

१८५४ मध्ये इंग्लंड क्रायमियाच्या युद्धात उतरले. जखमी इंग्रज शिपायांना बोटीने कॉन्स्टँटिनोपलसमोरच्या स्कुटारीला आणीत. तेथे त्यांचे कसे हाल होतात याच्या बातम्या टाइम्स पत्रात आल्या आणि देश खवळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट फ्लॉरेन्सचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ती ३८ बायका घेऊन निघाली. त्यांत १० कॅथलिक जोगिणी, प्रॉटेस्टंट भगिनीसंघांच्या १४, आणि साध्या इस्पितळांतल्या पगारी नर्सेस १४ होत्या. लष्करी इस्पितळात इंग्रज सरकारने अशा नेमलेल्या बायका प्रथमच धाडल्या. यापुढे तिला बाई म्हणणेच बरे.

डॉक्टरांना त्या नको होत्या. बायका आल्या की शिस्त बिघडेल, शिपायांशी लगट करतील, हीच शंका. बाईंनी फार शहाणपणाने वागून दाखवले. डॉक्टरने बोलावल्याशिवाय एकाही नर्सने वॉर्डात पाऊल टाकायचे नाही, असा हुकूम त्यांनी आपल्याच माणसांना दिला. बायका बसून चादरी शिवत राहिल्या. मग इंकरमनच्या लढाईचे जखमी ढिगांनी आले आणि डॉक्टरांनी स्वतःहून हाक मारली.

आता त्या दिव्याची गोष्ट. रात्री आठनंतर कोणत्याही नर्सने वॉर्डात राहायचे नाही, असा बाईंचा कडक नियम होता. रात्री रोग्यांकडे पुरुष ऑर्डर्ली पाहत. रात्रीची फेरी एकट्या बाई घालीत, हातात कंदील घेऊन. म्हणजे ज्या चित्राने नर्स देवदूत ठरली, ते चित्र नर्सेसच्या शीलावर कोणाचा विश्वास नव्हता म्हणूनच जन्माला आले! २४ फेब्रुवारी १८५५ च्या इलस्ट्रेटेड लंडन न्यूजमध्ये ते छापून आले आणि घरोघरी गेले. १८५७ मध्ये लाँगफेलो या अमेरिकन कवीने त्यावर कविता केली. चिनी मातीच्या बाहुल्या निघाल्या, गाणी निघाली.

बाई दिवसा काय करीत हे चित्रात नव्हते. त्या घासायचे ब्रश मागवीत, शर्ट आणि चमचे मोजीत. एक घर भाड्याने घेऊन त्यांनी मोठे बॉयलर बसवले आणि शिपायांच्या बायकांना मजुरी देऊन धुलाईखाना चालवला. मेलेल्या शिपायांच्या आयांना पत्रे लिहिली. पिणाऱ्या काही नर्सेसना परत पाठवले. भांडणेही खूप केली; बाईंचा स्वभाव गोड नव्हता.

एवढे करूनही माणसे मरतच होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीच्या रोग्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ होते. जखमांनी थोडे, जुलाब, कॉलरा आणि तापाने फार. मार्चमध्ये सरकारने आरोग्याचे जाणकार लोक पाठवले. त्यांना दिसले की इस्पितळ तुंबलेल्या गटारांवर उभे आहे आणि पाण्याच्या पाटात घोडा मरून पडला आहे. गटारे धुतली, भिंतींना चुना दिला, खिडक्या उघडल्या. जूनपर्यंत प्रमाण शेकडा २ वर आले. घरी परतल्यावर विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाबरोबर बसून बाईंनी ही सगळी कोष्टके मांडली, तेव्हा त्याचा पुरता अर्थ त्यांच्या ध्यानात आला. दिव्याने माणसे वाचली नव्हती. झाडू, चुना आणि मोकळी हवा यांनी वाचली होती. हा धक्का बाईंनी पचवला आणि पुढचे सारे आयुष्य त्यावर उभे केले, हे मला त्यांच्या चरित्रातले सर्वांत मोठे काम वाटते.

मे १८५५ मध्ये बालाक्लावा येथे बाईंना ताप येऊन त्या मरणाच्या दारात गेल्या. तेव्हा त्यांच्या उशाशी बसली मिसेस रॉबर्ट्स, सेंट थॉमस इस्पितळात वर्षानुवर्षे काम केलेली जुन्या वळणाची पगारी नर्स. डिकन्सच्या म्हातारीच्या जातकुळीतली म्हणून जिला लोकांनी नावे ठेवली असती, तीच सगळ्यांत तरबेज निघाली. बाईंनी हे मोकळेपणाने कबूल केले आहे.

मेरी सीकोलच्या बाबतीत मात्र त्यांचे मन तेवढे मोठे राहिले नाही. ही जमैकाची, १८०५ साली जन्मलेली, स्कॉटिश बाप आणि वनौषधी जाणणारी काळी आई यांची मुलगी. कॉलऱ्याचा तिला चांगला अनुभव होता. लंडनला येऊन तिने नर्स म्हणून अर्ज केला. तिला कोणी घेतले नाही. तेव्हा ती स्वतःच्या पैशाने क्रायमियात गेली, बालाक्लावाजवळ खानावळ आणि दुकान थाटले आणि रणांगणावर जाऊन शिपायांना औषधपाणी केले. शिपायांची ती आई झाली. पण १८७० मध्ये एका खाजगी पत्रात बाईंनी, तिची माया मान्य करूनही, तिच्या जागेत दारू आणि गैरवर्तन चाले असा ठपका ठेवला. जो शिक्का पुसायला बाईंनी जन्म वेचला, तोच त्यांनी दुसरीवर मारला. सीकोल १८८१ मध्ये वारली आणि विस्मरणात गेली. तिचा पुतळा २०१६ साली लंडनला सेंट थॉमस इस्पितळाच्या बागेत उभा राहिला.

१८५६ च्या ऑगस्टमध्ये बाई मिस स्मिथ असे नाव सांगून, मिरवणूक टाळून गुपचूप घरी आल्या. लोकांना वाटते की त्यानंतर त्या जन्मभर रोग्यांची सेवा करीत राहिल्या. तसे मुळीच नाही. हार्ले स्ट्रीटपासून क्रायमियाच्या शेवटापर्यंत प्रत्यक्ष रुग्णसेवा जेमतेम तीन वर्षांची. नंतरची पन्नासहून अधिक वर्षे त्या बहुतेक आजारीच होत्या आणि बिछान्यावर बसून लिहीत होत्या. बराकीत शांतपणे राहणारे शिपाई बाहेरच्या तरुणांच्या जवळजवळ दुप्पट मरतात, हे त्यांनी रंगीत चक्राकार आकृत्या काढून मंत्र्यांना दाखवले. १८५८ मध्ये लंडनच्या आकडेशास्त्र मंडळाने त्यांना सभासद केले, तेथली ही पहिली स्त्री. हिंदुस्थानातल्या छावण्यांना त्यांनी छापील प्रश्न पाठवले, आणि १८६३ च्या कमिशनच्या अहवालाने जाहीर केले की तेथे गोऱ्या शिपायांत दर हजारी ६९ दरसाल मरतात. पुढे शिपायांवरून त्यांचे लक्ष हिंदी खेड्यांकडे वळले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. हिंदुस्थान मात्र त्यांनी कधी पाहिला नाही.

लोकांनी वर्गणी काढून सुमारे ४५,००० पौंड त्यांच्या नावाने जमवले होते. त्यातून ९ जुलै १८६० रोजी सेंट थॉमस इस्पितळात १५ शिकाऊ मुलींची शाळा निघाली. राहणे, जेवण, कपडे आणि वर्षाला १० पौंड. येथे बाईंना लोकांच्या मनातली म्हातारी घालवायची होती. म्हणून प्रत्येक मुलीच्या वागणुकीची नोंद दर महिन्याला होई. वेळेवर येते का, शांत राहते का, विश्वासू आहे का, नीटनेटकी आहे का. दारू आणि पुरुषांशी लघळपणा यांना क्षमा नव्हती. नर्सला चांगला पगार हवा, कोंदट खोलीत झोपवता कामा नये, म्हातारपणाची सोय हवी, हेही बाई सांगत. पण लोकांनी यातले सोवळेपण उचलले आणि पगाराची गोष्ट सोयीने विसरली. म्हातारी गेली, तिच्या जागी पांढऱ्या टोपीतली मुकी देवी आली. देवीला नैवेद्य दाखवतात, पगार देत नाहीत.

ही अडचण ओळखणारी दुसरी बाई म्हणजे एथेल बेडफर्ड फेनविक. वयाच्या चोविसाव्या वर्षी ती सेंट बार्थोलोम्यू इस्पितळाची मेट्रन झाली होती. १८८७ मध्ये तिने नर्सेसची संघटना काढली आणि मागणी केली की परीक्षा घ्या, सरकारी नोंदवही ठेवा, म्हणजे कोण नर्स आणि कोण नाही हे कायद्याने ठरेल. याला विरोध कोणी केला? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी! चारित्र्य परीक्षेत उतरत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नव्हते असे नाही, परंतु चारित्र्य कोण ठरवणार? मेट्रन आणि समित्या. वकिलाला सनद, डॉक्टरला सनद, आणि नर्सला फक्त शिफारसपत्र, असे होत होते. नोंदणीचा कायदा १९१९ च्या डिसेंबरात झाला, बाई गेल्यानंतर ९ वर्षांनी. नोंदवहीत पहिले नाव मिसेस फेनविकचे आहे. पुरुष नर्सेसची नोंद मात्र वेगळ्या पुरवणीत होती. त्यांना कॉलेज ऑफ नर्सिंगने सभासद करून घ्यायला १९६० साल उजाडले. रुग्णसेवा हा बाईचा उपजत गुण आहे असे एकदा मानले की पुरुषाला वाव कोठला, आणि बाईला कौतुकाखेरीज काय मिळायचे?

१९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा विलायतेला मनुष्यबळ हवे होते. वेस्ट इंडीज, आयर्लंड, मलाया, हिंदुस्थान येथून मुली आल्या. त्यांतल्या पुष्कळांना पूर्ण रजिस्टर्ड नर्सच्या अभ्यासक्रमाऐवजी दोन वर्षांच्या एनरोल्ड नर्सच्या अभ्यासक्रमात घातले. काम तेच, बढती खुंटलेली, आणि परदेशी परतल्यावर त्या कागदाला फारशी किंमत नसे. त्याच काळात कॅरी ऑन नर्स (१९५९) आणि कॅरी ऑन मेट्रन (१९७२) हे विनोदी चित्रपट गर्दी खेचत होते. त्यांत खवीस मेट्रन, नखरेल नर्स, याखेरीज तिसरे पात्र नाही. १९७५ मध्ये नाइटिंगेलबाई १० पौंडांच्या नोटेवर आल्या, राणीखेरीज तेथे पोचलेली पहिली स्त्री. १९९४ पर्यंत ती नोट चालली.

कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, नेमके बाईंच्या जन्माला दोनशे वर्षे होत असताना, लंडनला त्यांच्याच नावाचे तात्पुरते इस्पितळ उघडले आणि लोकांनी दर गुरुवारी दारात उभे राहून नर्सेससाठी टाळ्या वाजवल्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच नर्सेस पगारासाठी संपावर गेल्या. त्यांच्या कॉलेजच्या १०६ वर्षांत एवढा मोठा संप पूर्वी झाला नव्हता. तेव्हा नर्सेसना संप शोभत नाही असे म्हणणारेही निघालेच.

बाईंना १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा किताब मिळाला, स्त्रियांत पहिला. तोवर दृष्टी गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनच्या साउथ स्ट्रीटवरील घरी झोपेतच त्यांचे देहावसान झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतली जागा घरच्यांनी नाकारली. हँपशायरच्या ईस्ट वेलो गावी घराण्याच्या थडग्यावर त्यांच्या नावाची फक्त आद्याक्षरे आणि तारखा कोरल्या आहेत.

१९१५ मध्ये लंडनच्या वॉटर्लू प्लेस चौकात त्यांचा पुतळा बसला. त्याच्या हातात जुन्या ग्रीक पद्धतीचा तेलाचा दिवा दिला आहे. नर्सिंगच्या शाळांतून दीपप्रज्वलन होते तेही बहुधा तसल्याच दिव्याने. स्कुटारीत बाईंच्या हाती होता तो तुर्की फानूस, घडी पडणारा, मेणबत्तीचा. तसा फानूस सेंट थॉमस इस्पितळाच्या आवारातल्या त्यांच्या संग्रहालयात पाहायला मिळतो. वेस्टमिन्स्टर पूल ओलांडला की ते डाव्या-उजव्या हाताला शोधावे लागत नाही, इस्पितळ समोरच आहे.